वाहन क्रमांक

चहा घ्या आधी. विषय थोडा लांबणार आहे, आणि मला तो मुळापासून सांगायचा आहे.

मार्गशीर्षात आम्ही दोघं, म्हणजे मी आणि आमची ही, पाठीला सॅक लावून दापोलीजवळच्या मुरुडपासून जयगडपर्यंत किनाऱ्याने चालत गेलो. चार दिवस, तीन मुक्काम. पायाला फोड आले, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं आहे ते एका प्रश्नाबद्दल. चार दिवसांत तो मला 19 वेळा विचारला गेला. मी मोजलंय.

"गाडी कुठे लावलीत?"

पहिल्यांदा विचारलं ते मुरुडच्या टपरीवर, सकाळी साडेसहाला. मी सरळ उत्तर दिलं, की गाडी नाही, आम्ही चालत निघालोय. टपरीवाला म्हणाला, "हो, पण गाडी?" मी म्हटलं, आणलीच नाही. "मग ड्रायव्हर पुढे घेऊन गेला असेल." तेही नाही म्हटल्यावर त्याने माझ्याकडे बघणं थांबवलं आणि हिला म्हणाला, "वैनी, तुम्ही तरी एस्टीने जायचंत."

आता चालण्याची परिस्थिती समजून घ्या. किनाऱ्याने चालायचं तर ओली, घट्ट वाळू लागते, आणि ती ओहोटीलाच मिळते. कोकणात भरतीचा हिशेब तोंडी असतो. तिथीची पाऊणपट करायची, येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती. आम्ही दशमीला निघालो. दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे सकाळच्या गारव्यात समुद्र पार सुरूच्या बनापर्यंत आलेला, आणि आम्ही वरच्या भुसभुशीत पुळणीत घोट्यापर्यंत रुतलेले. घट्ट वाळू उपलब्ध झाली दुपारी दीडला, ऊन डोक्यावर आल्यावर. दुसऱ्या दिवशी भरती सव्वाआठला, तिसऱ्या दिवशी नऊला. रोज पाऊण तासाची दिरंगाई. त्यात पौर्णिमा जवळ येत होती, म्हणून पाणीही रोज आणखी वर. शिवाय उताराचा प्रश्न आहे. दक्षिणेकडे चालताना समुद्र उजव्या हाताला राहतो आणि वाळू त्या बाजूला उतरते, त्यामुळे सगळ्या पुळणींवर माझा उजवा पाय डाव्यापेक्षा खालच्या पातळीवर पडत होता. हिचाही पडत असणार. तिने तक्रार नोंदवलेली नाही.

एवढं सोसून, कर्दे मागे टाकून, मधली डोंगराची सोंड चढून-उतरून आम्ही लाडघरला आलो. घट्ट वाळू अखेर हाती आली, तर तिच्यावर एक पांढरी गाडी उभी. मागची दोन्ही चाकं रुतलेली. आतली मंडळी बाहेर येऊन सल्ले देत होती. मी आणि ही, दोघांनी सॅक खाली ठेवून ती गाडी ढकलली. वीस मिनिटं. गाडी निघाल्यावर चालक खाली उतरला, त्याने माझा हात हातात घेतला आणि मनापासून विचारलं, "काका, तुमची कुठाय? तीही रुतलीय का?"

बुरोंडीला परशुरामाचा भव्य पुतळा आहे. बाण मारून समुद्र मागे हटवला आणि कोकण निर्माण केलं, अशी त्यांची कथा. सगळा संचार पायी. तिथे पोहोचल्यावर मला फार आधार वाटला. तेवढ्यात फोटो काढणारा एक मुलगा जवळ आला. "दादा, गाडी जरा पुढे घेता का? फ्रेममध्ये येतेय." ती गाडी कोणाची होती, मला आजतागायत माहीत नाही.

रात्री कोळथऱ्याला मी हे सगळं हिच्यापुढे मांडलं. ती तळव्यांना खोबरेल चोळत होती. म्हणाली, "अहो, आपण निघालो त्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे. परीक्षेसाठी मुलगा सह्याद्री ओलांडून साताऱ्याला चालत गेला. आणि तिथे काय, तर वय लहान दिसतं म्हणून परीक्षेलाच बसू दिलं नाही. त्यांनी नाही एवढी कुरकूर केली."

कर्व्यांवर अन्याय झाला, हे मला पूर्ण मान्य आहे. पण सबंध वाटेत, घाटात, साताऱ्याच्या वेशीवर, त्यांना कोणी गाडी कुठे लावलीत असं विचारलं नव्हतं. चालत आलेला मुलगा चालत आला आहे, हे सगळ्यांना दिसत होतं. मी हा मुद्दा मांडेपर्यंत ती झोपली होती.

दाभोळला फेरीबोटीत बसून वाशिष्ठीची खाडी ओलांडली. बोटीवर ओळीने उभ्या असलेल्या गाड्यांकडे बोट दाखवत एका सज्जनांनी विचारलं, "यातली तुमची कुठली?" धोपाव्याला उतरलो, अंजनवेलवरून गुहागरला आलो. तिथे एका आजींनी प्रश्नच बदलला. अंगणातून हाक मारून म्हणाल्या, "कसला सर्व्हे आहे रे?" मला बरं वाटलं. मी पडवीत टेकलो, पाणी प्यायलो, सगळा मार्ग सांगितला. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे सरकारने गाडी दिली नाही."

तिसऱ्या मुक्कामाला (गाव सांगत नाही) मालक नोंदवही घेऊन आले. नाव, पत्ता, आधार, आणि शेवटचा रकाना "वाहन क्रमांक". मी तिथे लिहिलं, "पायी". मालकांनी ते खोडलं. माणूस अत्यंत सभ्य. म्हणाले, "साहेब, क्रमांक लिहा. रकाना मोकळा ठेवता येत नाही." मी म्हटलं, मोकळा नाही, पायी लिहिलंय. ते म्हणाले, "पण तो क्रमांक नाही." आम्ही दोघंही आपापल्या जागी बरोबर होतो. पाऊण तास गेला. आत भाकऱ्या गार होत होत्या. शेवटी हिने, मला न विचारता, पुण्यात आमच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या स्कूटरचा नंबर सांगितला. मालकांनी सुवाच्य अक्षरात लिहून घेतला आणि लगेच पानं वाढायला सांगितली.

सकाळी ते अंगणात फिरताना दिसले. "साहेब, स्कूटर दिसत नाही." मी म्हटलं, पुण्याला आहे. त्यांनी वही बघितली, मग मला बघितलं. "मग इथे कशी?" हिने तोवर सॅक पाठीला लावली होती आणि ती फाटकाबाहेर जाऊन समुद्राकडे बघत होती.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. आवाजात काळजी होती. वर्षअखेरीला वही तपासताना आमच्या स्कूटरची आत आल्याची नोंद सापडली, बाहेर गेल्याची नाही. पुढच्या वेळी येताना स्कूटर घेऊन या, म्हणाले, म्हणजे जाताना बाहेर लिहून टाकू आणि वही जुळेल.

हिने त्यांना फाल्गुनातली तारीख दिली आहे.