दोन ट्यूनर, चार दावेदार

टीव्ही रेकॉर्डर घ्यायला गेलेल्या माणसाला दुकानातला मुलगा पहिला प्रश्न विचारतो, "काका, किती जीबीचा दाखवू?" ज्यांना आपल्या कपाटात किती शर्ट आहेत हे बायकोला विचारावे लागते, ते काका गंभीर चेहऱ्याने "पाचशे तरी हवेत" असे सांगून मोकळे होतात. इथेच निवड चुकते. जीबीचे नंतर बघू. आधी दोन आकडे कागदावर लिहावेत: रात्री आठ वाजता आपल्या घरात रिमोटवर हक्क सांगणारे किती जण असतात, आणि पेटीत ट्यूनर किती आहेत. दुसरा आकडा बहुधा दोन असतो. पहिला दोनच्या वर गेला की या मार्गदर्शनाची गरज सुरू होते.

शिरगणती प्रामाणिकपणे करावी. आजी म्हणजे एक पूर्ण दावेदार, आणि त्यांचा दावा सर्वांत जुना. सूनबाई एक पूर्ण, पण स्वयंपाकघरातून कानाने बघत असल्यामुळे तिचा दावा सगळ्यांना निम्मा वाटतो. तिला वाटत नाही. कॉलेजात जाणारा मुलगा एरवी मोबाइलमध्ये असतो म्हणून शून्य धरला जातो, आणि आयपीएल सुरू झाली की संध्याकाळी साडेसातला अचानक एक होतो. मुक्कामाला आलेली आत्या पहिला आठवडा अर्धी, पुढे पूर्ण. राहिले बाबा. सीएसएमटीहून हार्बरने तासाभराचा प्रवास करून ते सीवूड्स-दारावेला उतरतात, फलाटावरून मॉलच्या पोटातून वाट काढत बाहेर येतात आणि घरी पोचतात तेव्हा आठचे सगळे संपलेले असते. रेकॉर्डर तत्त्वतः त्यांच्यासाठीच घेतला जातो. खरेदीच्या पावतीवर त्यांचे नाव असते, यापलीकडे त्यांचा संबंध येत नाही.

ट्यूनर म्हणजे काय हे घरातल्या एका तरी माणसाला नीट समजले पाहिजे, कारण भांडणात तोच पंच होणार असतो. एक ट्यूनर एका वेळी एक वाहिनी पकडतो. दोन असले तर एक मालिका रेकॉर्डला टाकून दुसरी समोर बघता येते; किंवा दोन्ही रेकॉर्डला टाकून तिसरे, आधी साठवलेले काहीतरी बघत बसता येते. पण दोन मालिका रेकॉर्ड होत असताना बाबा अवचित लवकर आले आणि "जरा बातम्या लाव गं" म्हणाले, तर पडद्यावर एक चौकट उमटते आणि विचारते की चालू असलेल्यांपैकी कोणते रेकॉर्डिंग थांबवू. हा प्रश्न वरकरणी तांत्रिक दिसतो. सासू आणि सून दोघी सोफ्यावर असताना त्याचे उत्तर आजवर कुठल्याही बाबांनी दिलेले नाही. ते म्हणतात, "राहू दे, मोबाइलवर बघतो."

हा पेच पूर्वी नव्हता, कारण निवडच नव्हती. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले तेव्हा घरात टीव्ही एक, वाहिनी एक, आणि बहुतेकदा टीव्ही शेजाऱ्यांचा. आठवड्याचे कार्यक्रम 'साप्ताहिकी'त सांगितले जात. पडद्यावर आज जे वेळापत्रक निळ्या चौकटींत सरकते त्याची ही पूर्वज. मग व्हीसीआर आला, तीन तासांची कॅसेट आली. पण त्यावर आपण रेकॉर्ड क्वचितच केले. भाड्याने आणून रात्रभर सिनेमे बघितले आणि सकाळी यंत्र वेळेत परत केले. खरी अडचण उगवली ती १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी, म्हणजे आजची झी मराठी, सुरू झाल्यावर. पुढच्याच वर्षी ई टीव्ही मराठी आली आणि आठ वाजता दोन कुटुंबे रडू लागली. २००८ मध्ये स्टार प्रवाह आली. त्याच वर्षी टाटा स्कायने रेकॉर्डिंगची सोय असलेली पेटी बाजारात आणली. रोग आणि औषध एकाच वर्षी मिळण्याचे असे भाग्य सहसा लाभत नाही.

नवी मुंबईकरांनी आणखी एक तारीख ध्यानात ठेवावी. केबलवर जुन्या पद्धतीचे प्रक्षेपण बंद करण्याच्या सरकारी मोहिमेत मुंबईचा नंबर पहिल्या टप्प्यात, ऑक्टोबर २०१२ अखेर लागला. आपला दुसऱ्या टप्प्यात, मार्च २०१३ अखेर. खाडीपलीकडे जे होते ते आपल्याकडे पाच महिन्यांनी होते, एवढा हिशेब सिडकोच्या घरात राहणाऱ्याला पाठच असतो.

आता छत्री. डिश म्हणणारे नवे; गॅलरीतल्या त्या ताटाला आपल्याकडे छत्रीच म्हणतात. ती कुठे बघते याबद्दल घरोघरी गैरसमज आहेत. उदाहरणादाखल ८३ अंश पूर्व रेखांशावरचे उपग्रह घ्या. सीवूड्सहून ते दक्षिण आणि आग्नेय यांच्या मधोमध दिसतात, म्हणजे दिसले असते तर, आणि क्षितिजापासून तब्बल ६५ अंश वर. छत्री मात्र त्या मानाने बरीच उभी दिसते, कारण तिची घडण तिरकी असते. ती तोंड करते त्याहून बरीच वर बघते. त्यामुळे "समोर नवा टॉवर उठला, आता सिग्नल जाणार" ही भीती बहुतेकदा फुकाची. खरा अडथळा डोक्यावर असतो. वरच्या मजल्याची पुढे आलेली बाल्कनी आधी तपासावी. ती आड येत नसेल तर तिच्या दोरीवर काय वाळत असते ते तपासावे. सुकी चादर सहसा चालून जाते, ओली चालत नाही. आठच्या मालिकेत रोज व्यत्यय येत असेल तर कंपनीला फोन करण्याआधी वरच्या वहिनींची कपडे धुण्याची वेळ विचारून घ्यावी, तीही हळदीकुंकवाला गेल्यावर सहज विचारल्यासारखी.

उत्तरेकडे तोंड असलेल्या फ्लॅटवाल्यांना गच्ची गाठावी लागते आणि गच्ची म्हणजे सोसायटीची कमिटी. अर्जात "छत्री" लिहू नये, "उपकरण" लिहावे. जोडीला नकाशा काढावा. नकाशा बघून सचिव दबतात. नव्या टॉवरमध्ये गच्चीवर एकच सामायिक छत्री असते आणि तिची एकच वायर तुमच्या हॉलमध्ये उतरते. बिल्डरच्या माहितीपत्रकात ही सोय म्हणून छापलेली असते. पण दोन ट्यूनरच्या जुन्या धाटणीच्या पेटीला दोन वायरी लागतात. एकच मिळाली तर दुसरा ट्यूनर नुसता बसून राहतो. म्हणून पेटी बघण्याआधी भिंतीतले भोक बघावे. माझ्या मते संपूर्ण खरेदीत एवढी एकच गोष्ट स्वतः जाऊन बघण्यासारखी आहे.

खाडीचा खारा वारा छत्रीचे स्क्रू खातो, त्यांना वर्षातून एकदा ग्रीस लावावे. पावसाचे मात्र काही करता येत नाही. उपग्रहाकडून येणाऱ्या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते आणि जुलैतला पाऊस त्या वाटेतच शोषून घेतो. पडद्यावर चौकोन उमटतात, नायिकेचा अर्धा चेहरा डावीकडे जातो, आवाज तुटतो. रेकॉर्डर या बाबतीत कमालीचा प्रामाणिक आहे. पावसाने जे खाल्ले ते तो तसेच्या तसे नोंदवून ठेवतो आणि ऑक्टोबरातल्या लख्ख उन्हात तुम्हाला २६ जुलैची सर दाखवतो.

आता रेकॉर्डला टाकणे. पडद्यावरच्या वेळापत्रकात मालिका आठ ते साडेआठ लिहिलेली असते. हे सर्वसाधारण धोरण समजावे. आधी पाच मिनिटे आणि नंतर दहा मिनिटे जास्तीची सोडावीत, नाहीतर "आणि त्या पाकिटात होतं..." इथे रेकॉर्डिंग संपते. पूर्ण मालिका एकदाच लावून ठेवायची सोय असली तरी रविवारी ती हात दाखवते, कारण त्या दिवशी महाएपिसोड असतो आणि त्याच्या नावाला 'विशेष' जोडलेले असते. यंत्राला ती दुसरीच मालिका वाटते. वाहिनीने मालिकेची वेळ बदलली तर ती आजींना आधी कळते, यंत्राला नंतर, बाबांना कधीच नाही.

यंत्राचा खरा शत्रू भिंतीवरचा खटका. टीव्ही बंद असताना रेकॉर्डिंग व्हायचे तर पेटी चालू राहिली पाहिजे, आणि आपल्या घरात रात्री झोपण्यापूर्वी सगळे खटके बंद करत फिरणारे एक माणूस असतेच.

"आई, तो खटका बंद नका करू, रेकॉर्डिंग लावलंय."

"अगं, टीव्ही तर बंद आहे. कसलं रेकॉर्डिंग? लाल दिवा उगाच जळतोय."

"तो दिवा जळू दे."

"बिल आलं की मग बोलू आपण."

इथे यंत्राची कार्यपद्धती समजावून सांगणे व्यर्थ. खटक्यावर चिकटपट्टी लावली तर ती दुसऱ्या दिवशी निघते आणि लोणच्याच्या बरणीवर दिसते. उपाय एकच. आषाढी एकादशीला पंढरपूरची पहाटेची महापूजा सह्याद्री वाहिनीवर थेट दाखवतात. ती रेकॉर्डला टाकावी आणि सकाळी आजींना दाखवावी. विठोबा त्या डब्यात आहे हे एकदा समजले की खटक्याला वर्षभर कोणी हात लावत नाही. केर काढताना पेटीवरून फडके मात्र रोज फिरते, आणि ते ओले असते. एका वेळी एकच अडचण सोडवावी.

बघण्याचे नियम थोडे आहेत. क्रिकेट कधी थांबवून बघू नये. दार वाजले, कुरियर आले, तुम्ही सामना थांबवलात, की तुम्ही शेजाऱ्यांच्या दोन मिनिटे मागे गेलात, मग गोलंदाज धावत निघण्याआधीच भिंतीपलीकडून "गेला!" ऐकू येते. मालिका मात्र नेहमी थांबवून, मागून बघावी. सरकारी नियमानुसार वाहिनीला तासाला १२ मिनिटांपर्यंत जाहिराती दाखवता येतात, त्या पळवता येतात. सवय झाली की माणूस मालिकाही पळवू लागतो. सहापट वेगाने पळवूनही कथानक कळते. अडचण एवढीच की प्रत्येकाच्या चेहऱ्यावर कॅमेरा थांबला की सहापट वेगातही काही हलत नाही, आणि चुकून पॉज दाबला की काय म्हणून आपण रिमोट तपासतो. डोंबिवलीच्या मावशीचा फोन नऊ वाजून पाच मिनिटांनी येणार असतो. रेकॉर्डिंग बघून होईपर्यंत तो उचलू नये. त्यांना "हॅलो" म्हणायच्या आधी गोष्ट सांगायची सवय आहे.

या सगळ्यात रेकॉर्ड केलेले बघितले किती जाते, असे कोणी विचारेल. विचारणाऱ्याला यंत्राचे प्रयोजनच कळलेले नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की नंतर बघण्यासाठी घरी कार्यक्रम टेप करणे कायदेशीर आहे. 'नंतर बघण्यासाठी' हे न्यायमूर्तींचे गृहीतक. आपल्याकडे कार्यक्रम रेकॉर्डला टाकतात तो तह म्हणून. "तुमचं टाकलंय हं रेकॉर्डला" असे म्हटले की समोरच्याचा दावा मान्य होतो, त्याचा मान राहतो, आणि टीव्हीवर आपली मालिका चालू राहते. बाबांच्या नावे डिस्कवर समुद्री कासवांवरचा माहितीपट, दोन कसोटी सामने आणि एक जुने संगीत नाटक असते. ते कोणी पुसत नाही, बाबा ते बघत नाहीत, आणि घरात शांतता असते. मोबाइलवर ॲपमध्ये मागल्या सात दिवसांचे सगळे मिळते, मग पेटी कशाला, असे दुकानातला मुलगा म्हणतो. त्याचे अजून लग्न व्हायचे आहे.

आता जीबी. एचडी वाहिनीला साधारण ८ मेगाबिटचा वेग धरला तर तासाला साडेतीन जीबी लागतात. पाचशे जीबीत १४० तास. आठवड्याचे सहा दिवस अर्ध्या तासाची एक मालिका, अशा तीन मालिका म्हणजे आठवड्याला नऊ तास. पंधरा आठवड्यांत डिस्क भरते. गुढीपाडव्याला घेतलेली पेटी श्रावणाच्या आगेमागे ९८ टक्के दाखवू लागते, आणि मग काय पुसायचे हा प्रश्न येतो.

पुसण्यापूर्वी दोन गोष्टी माहीत असाव्यात. कंपनीच्या पेटीतले रेकॉर्डिंग कुलूपबंद असते. ते त्याच पेटीत चालते. पेटी बदलली तर गेले, रिचार्ज संपला तर बहुधा उघडतही नाही. पेन ड्राइव्हवर रेकॉर्ड करणाऱ्या साध्या पेट्यांत वेगळी गंमत असते: ड्राइव्ह जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर चार जीबीला फाइल तुटते, आणि सिनेमाचे दोन तुकडे होतात. तेव्हा सुनेने 'होम मिनिस्टर'मध्ये पैठणी जिंकलेला भाग पेटीत असेल तर तो टीव्हीसमोर मोबाइल धरून चित्रित करून घ्यावा. अडाणी उपाय आहे, पण पेटीतून बाहेर पडणारी वाट तेवढीच. पंखा बंद करावा, कुकर उतरवून ठेवावा आणि घरात आजोबा असतील तर त्यांना तेवढी बावीस मिनिटे बाल्कनीत बसवावे.

पुसण्याचा क्रम असा. आधी निकाल लागलेले सामने. मग बातम्यांतल्या चर्चा. एक दिवस उलटला की त्यातल्या पाहुण्यांनाही आपण काय म्हणालो ते आठवत नसते. मग पाककृतींचे कार्यक्रम, पण ते पुसताना घरात कोणी "अरे, त्यातली पातोळ्यांची कृती लिहून घ्यायची होती" म्हणणार, तेव्हा दुपारी पुसावेत. कासवांना हात लावू नये. एवढे करूनही आकडा ९० च्या खाली येत नसेल तर दोष मालिकांचा, आणि मग दोनच मार्ग राहतात: मालिका संपायची वाट बघणे किंवा दुसरी पेटी घेणे. 'चार दिवस सासूचे' २००१ मध्ये सुरू झाली आणि २०१३ मध्ये संपली. दुसरी पेटी घ्यावी.