खलास आहे का? खलास!

सौदी अरेबियात नोकरीला निघालेल्या मराठी माणसाला अरबीची भीती घालणारे थोडे आणि धीर देणारे फार. "अरे, निम्मी अरबी आपल्याला येतेच की," असं सांगणारे एक काका प्रत्येक घरात असतात. मग ते बोटांवर मोजून दाखवतात: हिशेब, तारीख, रक्कम, वकील, मंजूर, दुकान, हरकत. काकांचं चुकत नाही, शब्द तिकडचेच आहेत. फक्त इतकी शतकं मराठीत काढल्यामुळे त्यांना इकडचं पाणी लागलंय. अरबीत 'हरकत' म्हणजे हालचाल. आपल्याकडे कुणी हरकत घेतली की चालू असलेली हालचालही थांबते.

या सगळ्या मंडळींत सर्वांत दगाबाज शब्द म्हणजे 'खलास'. बाकीचे निदान अनोळखी चेहरा करून उभे राहतात. हा मात्र विमानतळावरच गळ्यात पडतो. दम्मामला उतरलो तेव्हा माझ्या पुढे रांगेत भांडुपचा एक तरुण होता. खिडकीतल्या गणवेशधारी माणसाने त्याचा पासपोर्ट उलटसुलट पाहिला, दाणकन शिक्का मारला, पासपोर्ट समोर टाकला आणि म्हणाला, "खलास." पोराचा चेहरा पांढराफटक. मुंबईत वाढलेल्या माणसाला खाकी, बंदूक आणि खलास यांचा एकमेकांशी असलेला संबंध सिनेमाने नीट शिकवलेला असतो. तो म्हणत होता "झालं काम, जा आता", आणि हा जागचा हलेना. शेवटी त्याने हाताने हुसकावलं, "खलास, खलास, यल्ला!" दोनदा खलास झाल्यावर पोरगा पळाला.

तिथे हा शब्द दिवसातून इतक्यांदा कानावर पडतो की मोजणारा खलास व्हावा. टॅक्सी थांबवायची असेल तर खलास. ताटात भात पुरे झाला, खलास. सौदा पटला, खलास. वाद नको, विषय संपव, खलास. मूल रडतंय, त्याची आई त्याला थोपटत म्हणते, "खलास, हबीबी, खलास", म्हणजे उगी उगी. तीच आई दहा मिनिटांनी दात-ओठ खाऊन "खलाऽऽस!" म्हणते तेव्हा मूलच काय, आजूबाजूचे बाप्येही गप्प होतात. अर्थ शब्दात कमी आणि 'ला' किती लांबवला त्यात जास्त. दोन्ही तळवे एकमेकांवर झटकून म्हटलं तर मात्र एकच अर्थ: शिल्लक काही नाही, अपील नाही. एका ठिकाणी मात्र तो उच्चारायचीही गरज नसते. अरब यजमान गाहवा, म्हणजे तिकडची कॉफी, ओतत राहतो, आणि पुरे झाली हे सांगायला इवला फिंजान हातात धरून नुसता डावी-उजवीकडे हलवायचा. हे ठाऊक नसलेला पाहुणा भिडेपोटी पीत राहतो आणि रात्रभर आढ्याकडे बघत पडतो.

आमच्यासारख्या परदेशी कामगारांनी तर खलासला व्याकरणात बढती दिलीय. मल्याळी, पठाण, बंगाली, फिलिपिनो आणि आपण, सगळे मिळून तिथे जी मोडकी अरबी बोलतो तिच्यात क्रियापदं चालवण्याच्या भानगडीत कुणी पडत नाही. क्रियापदामागे खलास लावला की भूतकाळ झाला. कालवाचक प्रत्ययांनी शाळेत ज्यांना छळलं त्यांना या भाषेत मोक्ष आहे.

हे मोक्षाचं मी गंमत म्हणून लिहिलं नाही. अरबीत खलास म्हणजे खरोखरच सुटका, मुक्ती. ख, ल आणि एक जड स या तीन अक्षरांच्या धातूचा मूळ भाव गुंत्यातून सुटण्याचा, भेसळ जाऊन निव्वळ तेवढंच उरण्याचा. कुराणातली ११२वी सूरा 'इखलास', म्हणजे निखळ निष्ठा. अरब ख्रिश्चन येशूला 'अल-मुखल्लिस' म्हणतात, तारणहार. आणि बंदरावर तुमची पेटी कस्टममधून सोडवून देणारा जो दलाल असतो, त्यालाही मुखल्लिसच म्हणतात. ज्याची पेटी दम्मामच्या बंदरात कागदाविना अडकून पडलीय त्याला यात काहीच वावगं वाटणार नाही. गंमत पुढेच आहे. अरबी लिखाणात ऱ्हस्व स्वर आणि द्वित्त सहसा दाखवत नाहीत. त्यामुळे प्रामाणिक या अर्थाचा 'मुखलिस' आणि हा 'मुखल्लिस' कागदावर हुबेहूब सारखे दिसतात. पत्राखाली सही करताना 'अल-मुखलिस' लिहायची तिकडे पद्धत आहे. म्हणजे आपण 'आपला विश्वासू' लिहायचं आणि वाचणाऱ्याने हवं तर 'आपला तारणहार' वाचायचं. कर्ज मागणाऱ्या आणि देणाऱ्या दोघांचीही सोय.

या धातूचं मराठीत मोठं खटलं आहे, आणि त्यातले सगळे जण एकमेकांना ओळखतातच असं नाही. खालसा घ्या. निव्वळ सरकारच्या मालकीचं, मध्ये दुसरा कुणी नाही, ते खालसा. डलहौसीने १८४८ साली सातारचं राज्य खालसा केलं, हे आपण शाळेत घोकलं. परीक्षेत एखादं पोर 'सातारचे राज्य खलास केले' असं लिहितं आणि मास्तर लाल शाईने गोल करतात. मला विचाराल तर त्या पोराला पूर्ण गुण द्यायला हवेत. धातू तोच, आणि सातारकरांच्या दृष्टीने अर्थही तोच. १६९९ साली आनंदपूरला गुरू गोविंदसिंगांनी उभा केलेला खालसाही याच गोतावळ्यातला, पण तिथे निर्मळपणाचा मान टिकून राहिला. आमच्याकडे आला तो महसूल खात्यातून, त्यामुळे त्याला जप्तीचा वास लागला.

दुसरा भाऊ खुलासा. अरबीत 'खुलासा' म्हणजे सारांश, सगळं आटवून उरलेला अर्क. आपल्या सरकारी कचेरीने त्याचं काय केलंय ते सर्वांना माहीत आहे. "आपला लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा" अशी नोटीस आली की कर्मचारी सारांश लिहीत नाही. तो सात पानं लिहितो, त्याला परिशिष्टं जोडतो, आणि मग वरून खुलाशावर खुलासा मागवला जातो. अर्थात अरबांनीही या बाबतीत फार ऐट मिरवू नये. तेराव्या शतकात अंदलुसियातून दमास्कसला गेलेल्या इब्न मालिक नावाच्या पंडिताने अरबी व्याकरण पद्यात बसवलं आणि त्याला नाव दिलं 'अल-खुलासा'. त्याच्या कडव्यांची संख्या जवळजवळ हजार, म्हणून लोक त्याला 'अल्फिया', म्हणजे हजारी, म्हणू लागले. त्याचा मूळ ग्रंथ याहून कितीतरी मोठा होता, तेव्हा त्याच्या हिशेबी हा सारांशच. मूळ अर्थाशी खरं इमान राखलं ते आमच्या वैद्यांनी. 'शौचास खुलासा होतो' असं चूर्णाच्या बाटलीवर लिहिलेलं असतं तिथे सुटका, मोकळीक आणि निर्मळपणा हे तिन्ही अरबी अर्थ एका चमच्यात मिळतात. दिलखुलास माणसाचं दिलही असंच मोकळं झालेलं असतं, पण ही तुलना मी जास्त ताणत नाही.

आणि मग स्वतः खलास. जुन्या मराठीत कैदेतून खलास होणं म्हणजे सुटून घरी येणं. हल्ली कैदेत खलास झाला म्हटलं तर घरी निरोप वेगळा जातो. मुक्तीचा अंत कधी झाला याची नोंद नाही, पण आपल्या स्वभावाला धरूनच झालं. आपण मुक्तीची कल्पना मरणोत्तरच करतो, तेव्हा सुटला आणि संपला यांत फरक करायचं कारणच काय? मुंबईने त्यात आणखी एक ल घालून खल्लास केलं, म्हणजे शंकेला जागा नको.

अशी दुहेरी शिदोरी घेऊन तिकडे राहणाऱ्याचा जीव सतत टांगणीला असतो. आमच्या कंपनीत एका सुताराचा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, नव्याने करायचा होता. महिनाभर फेऱ्या झाल्या. एका सकाळी कफील, म्हणजे त्याचा जामीनदार मालक, दारातूनच ओरडला, "सदीक, खलास!" आणि गाडीत बसून निघून गेला. कागद झाला की नोकरी गेली? सुताराने संध्याकाळपर्यंत देशी पाठवायचं सामान बांधलं, दोन उधाऱ्या वसूल केल्या आणि मुकादमाला गेल्या तीन वर्षांत मनात साठलेलं सगळं ऐकवलं. रात्री कळलं की इकामा झाला होता. पुढचं वर्ष त्याने त्याच मुकादमाच्या हाताखाली काढलं. अशा माणसाला 'खलास'चे अर्थ कुणी शिकवायला जाऊ नये.

मोबाइलने तर या शब्दाचा संक्षेप करून आणखी घोटाळा केला. अरबी कळफलक फोनवर यायच्या आधी तिकडची तरुण मुलं रोमन लिपीत अरबी लिहू लागली, आणि रोमनमध्ये जी अक्षरं नाहीत त्यांच्या जागी आकडे बसवले. ऐन या अक्षराचा आकार उलट्या तीनसारखा, म्हणून त्याला ३. घशातल्या ह ला ७. आणि ख ला ५. आमच्या खोलीत चिपळूणचा एक इलेक्ट्रिशियन होता. तो एक जुनी टोयोटा विकत घेत होता. घासाघीस पंधरा हजार रियालांवर आली होती. समोरच्या सौदी मुलाला भाव पटला आणि त्याने निरोप टाकला: आकडा ५, आणि त्याला चिकटून रोमनमध्ये 'लास'. म्हणजे खलास, ठरलं. आमचे भाऊ ताडकन उठले. "पाच लाख? ह्या खटाऱ्याचे पाच लाख? आणि लाखसुद्धा धड लिहिता येत नाही मेल्याला!" त्यांनी तो नंबरच बंद करून टाकला. गाडी दुसऱ्या दिवशी एका मल्याळ्याने नेली. तो पाच आकड्याला ख म्हणायला शिकला होता.

दम्मामपासून दोनेक तासांवर अल-अहसा आहे. खजुराची सुमारे २५ लाख झाडं असलेलं प्रचंड मरूद्यान, २०१८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत. तिथल्या सर्वांत नावाजलेल्या खजुराच्या जातीचं नाव काय, तर खलास. मधाच्या रंगाचा, मऊ, आणि गोड असूनही घशाला न बसणारा. माझ्या मते मेदजूल खजुराची हवा उगाच केलेली आहे. खलास खाल्ल्यावर तो नुसता थोराड वाटतो. पण हा विकत घेणं म्हणजे भाषेची परीक्षा. गिऱ्हाईक विचारतं, "खलास?" दुकानदार म्हणतो, "खलास." गिऱ्हाईक हिरमुसून निघतं, कारण त्याला वाटतं संपला. दुकानदाराला समजत नाही की नाव नीट सांगूनही हा माणूस का चालला. आणि खरंच संपला असेल तर उत्तर येतं, "खलास खलास", ते ऐकून नवखा माणूस खूश होऊन पिशवी पुढे करतो.

तेव्हा उमरा करून किंवा लेकाकडे राहून परतताना कुणी अल-अहसाच्या बाजारात गेलात, तर कानांवर विसंबू नका, दुकानदाराच्या हातांकडे बघा. त्याने तळवे झटकले तर पुढच्या दुकानात जा. पाटीकडे बोट दाखवलं तर दोन किलो घ्या, आणि त्यातला अर्धा किलो माझ्यासाठी ठेवा. मुंबईत मिळतो तो खलास नावालाच खलास असतो.