आधी गुरुजींना विचारा, मग पैसे मोजा

जून आला की घरोघरी ठरतं, यंदा पोराला तबल्याच्या क्लासला घालायचं. दप्तर, रेनकोट, वह्या आणि त्याच यादीत तबला-डग्गा. रात्री मोबाइलवर सगळ्यांत स्वस्त जोडी शोधली, दोन दिवसांत ती दारात हजर.

घोळ इथेच होतो.

तबल्याच्या कडेला सोळा घरं असतात. सोळाही घरांत एकच सूर लागला तर तबला लागला. हलक्या जोडीच्या पुडीवरची, म्हणजे वर ताणलेल्या चामड्यावरची, शाई घाईत घोटलेली असते. गठ्ठे ठोकून हात दुखले तरी एक घर चढं आणि समोरचं उतरलेलं. त्यावर सात वर्षांचं मूल ‘ना’ हा बोल काढायला बसतं. बोट लाल होतं, ‘ना’ काही निघत नाही. महिनाभरात घरचे निकाल देतात, याला अंगच नाही.

अंग कोणाला नाही? पोराला की पुडीला?

दुकानात गेलात तरी पहिला प्रश्न येतो, कोणत्या पट्टीचा देऊ? आई-बाबा एकमेकांकडे बघतात. तबल्याचं तोंड रुंद तसा सूर खाली, अरुंद तसा वर. काळी एक की काळी चार, हे तुम्ही नाही, शिकवणारे गुरुजी सांगणार. त्यांना एक फोन करायला काय जातं?

पेटीची तऱ्हा तीच. बाहेरून पॉलिश चकाचक, आत हवा गळते. एकही पट्टी न दाबता भाता भरा. तो लगेच बसला तर पेटी तिथेच ठेवून या. मग सा आणि वरचा सा एकदम दाबा. आवाज स्थिर राहायला हवा. लाटा उठत असतील तर सूर जुळलेले नाहीत. दोन मिनिटांची परीक्षा आहे, पण ती घेतो कोण?

खेळण्यातला कीबोर्ड तर नकोच. त्याच्या पट्ट्या अरुंद. बोटांना तेच अंतर बसतं आणि खऱ्या पेटीवर सगळं पुन्हा शिकावं लागतं.

व्हायोलिन पाव, अर्धं, पाऊण अशा मापांत मिळतं. तरी शाळेच्या गणवेशासारखं वाढत्या मापाचं घेणारे आहेतच. हात पुरत नाही, खांदा दुखतो, मूल वाद्याला घाबरतं.

मग महागडं घ्यायचं? मुळीच नाही. शिसवी खोड वर्षानुवर्षं टिकतं, खराब होते ती पुडी. जुनी चांगली जोडी घ्या, पुडी नवी चढवा. गुरुजींच्या ओळखीत अशी जोडी बहुतेक वेळा असते.

आणि कारागीर? मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आपण अभिमानाचे मेसेज फिरवले. खरेदीच्या वेळी मात्र कारागिराच्या दुकानाची पायरी चढत नाही. पावसाळ्यात चामडं सैलावलं, वादी तुटली, तर कुठे जाणार? मोबाइल पुडी बदलून देत नाही.

लहान मुलाचा कान या वयात घडतो. रोज बेसूर ऐकलं की त्याला तेच बरोबर वाटू लागतं. वाद्य साधं असू द्या, जुनं असू द्या, सुरात मात्र हवंच. या रविवारी पोराला घेऊन दुकानात जा, जमलं तर गुरुजींनाही सोबत न्या. वाद्य त्यांच्याकडून वाजवून घ्या, त्यांनी मान डोलावली तरच पैसे द्या.