तिसरा रकाना

पुतणीच्या वहीत दोन रकाने होते. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे लिथुआनियन. ती काउनासला डॉक्टरकी शिकते. शिकवणं सगळं इंग्रजीत, पण दवाखान्यात येणाऱ्या आजीबाईंना इंग्रजीशी काही देणंघेणं नाही. निदान ‘कुठं दुखतंय?’ एवढं त्यांच्या भाषेत विचारता यावं म्हणून ही अवयवांची वही. मी तिच्याकडे पंधरा दिवस राहायला गेलो आणि तिसऱ्याच दिवशी जुन्या गावातल्या दगडी गल्लीत माझा पाय मुरगळला. उशीवर पाय ठेवून पडून राहायचं, तर वाचायला हाताशी ती वही, आणि तीही नेमकी ‘पाय व चालणे’ या पानावर उघडलेली. ‘काका, मुहूर्त छान साधलात,’ असं म्हणून ती कॉलेजला गेली. मी पेन्सिल घेऊन मराठीचा तिसरा रकाना आखला.

इंग्रजांनी पायाची वाटणी करून ठेवली आहे. घोट्याच्या वर ‘लेग’, खाली ‘फूट’. शाळेत या दोघांची अदलाबदल केली म्हणून मी मार खाल्ला आहे. आमच्या घरात मांडीपासून अंगठ्यापर्यंत सगळा पायच असे. त्यात हद्दीचा दगड कुठं रोवायचा हे कळायला वेळ लागला. तर वहीत लेगसमोर लिहिलं होतं ‘कोया’. आणि फूटसमोरही कोयाच! शेजारी बारीक अक्षरात ‘पेदा’ होतं, पण ते नेमकं घोट्याखालचं बोलायचं असेल तेव्हा. एरवी लिथुआनियन माणसाचा पाय म्हणजे वरपासून खालपर्यंत कोया. मोरीच्या कोपऱ्यात पडलेल्या, चोखून पांढऱ्या झालेल्या आंब्याच्या कोया मला आठवल्या, ते सोडा. पण हा माणूस आपला आहे, एवढं पटलं. पुढची ओळ ‘टो’. इंग्रजीत हाताचं बोट वेगळं, पायाचं वेगळं. लिथुआनियनमध्ये ‘पिर्श्तास’ म्हणजे बोट, आणि पायाचं असेल तर ‘कोयोस पिर्श्तास’, पायाचं बोट. मी तिसऱ्या रकान्यात जवळजवळ नक्कलच केली.

कोयाचं आपल्याशी नातं नाही, पण पेदाचं आहे. संस्कृतातला पाद, लॅटिनमधला पेद आणि हा पेदा एकाच घरचे. इंग्रजी फूटही त्याच घरचा, फक्त त्यानं ‘प’चा ‘फ’ करून घेतला. आपण तर प्राकृताच्या वाटेनं चालता चालता ‘द’ कुठंतरी गाळून आलो, आणि पादाचा पाय झाला. लिथुआनियन मंडळींनी तो ‘द’ अजून सांभाळून ठेवलाय. ऑगस्ट श्लायखर हा जर्मन पंडित 1852 साली या लोकांच्या खेड्यांत जाऊन शेतकऱ्यांचं बोलणं टिपत बसला, ते काही उगाच नव्हे.

मी मात्र उत्साहाच्या भरात एक गोंधळ घातला. या भाषेतले इतके शब्द ‘आस’ नाहीतर ‘इस’ने संपतात की मी पेदालाही एक ‘स’ चिकटवला आणि तिसऱ्या रकान्यात ठसठशीत लिहिलं: पेदास, पाऊल. संध्याकाळी पुतणी हसून लोळली. पेदास म्हणजे कापलेल्या धान्याची पेंढी. पेंढी आणि पेदास हा निव्वळ योगायोग, पण दुखऱ्या पायाला पेंढी म्हणणं मला पटलं. दिसत तसंच होतं.

चालण्याच्या ओळींत इंग्रजीचा थाट बघावा. रमतगमत चालायला एक क्रियापद, फरफटत चालायला दुसरं, ऐटीत चालायला तिसरं. आपल्याकडे बहुतेक वेळा क्रियापद एकच, चालणे. नुसतं त्याच्यापुढे वाद्य वाजवायचं. लुटूलुटू, तुरूतुरू, दुडूदुडू, धपाधप. लिथुआनियन दोन्हीकडे हात मारतात. बदक डुलत चालतं त्याला ‘क्रिपुओती’ असं खास क्रियापद, लंगडण्याला ‘श्लुबुओती’ (हे मला लगेच पाठ झालं), आणि बाळ चालू लागलं की ‘तिपु-तापु’. दुडूदुडूच्या समोर तिपु-तापु लिहिताना वही प्रथमच शोभिवंत वाटली.

पण खरी गंमत ‘जाणे’पाशी. आपण गावाला जातो, मग बैलगाडीनं असो की विमानानं. यांना ते चालत नाही. पायी जायचं तर ‘एइती’, वाहनानं जायचं तर ‘वाझ्युओती’. एकाच्या जागी दुसरं चालत नाही. म्हणजे घराबाहेर पडताना सांगावंच लागतं की रिक्षा करणार आहात की नाही. आणि पुन्हा तेच घराणं: एइती म्हणजे संस्कृतातला एति, जुन्या लिथुआनियनमध्ये ‘मी जातो’ला एइमी म्हणत, आणि संस्कृतात एमि. वाझ्युओतीच्या मुळाशी तोच धातू, ज्याच्यापासून आपलं वाहन आलं.

या भाषेनं पायाला इतकं जपावं, हे बरोबरच आहे. ती पायांवरच जगली. 1864 पासून 1904 पर्यंत, चाळीस वर्षं, झारच्या राजवटीत लॅटिन लिपीत लिथुआनियन छापायला बंदी होती. पुस्तकं सरहद्दीपलीकडे पूर्व प्रशियात छापली जात, आणि माणसं ती पाठीवर बांधून रात्रीची इकडे आणत. सापडलं तर सैबेरिया. त्यांना ‘क्निग्नेशिस’ म्हणतात, म्हणजे पुस्तकं वाहून आणणारा. युर्गिस बिएलिनिस त्यांतला सर्वांत गाजलेला. त्याचा जन्मदिवस, 16 मार्च, आज पुस्तकवाहकांचा दिवस म्हणून पाळतात. काउनासच्या युद्धसंग्रहालयाच्या बागेत अशा पुस्तकवाहकाचा पुतळा आहे. पाठीवर ओझं, हातात काठी. मला तो बघायचाच होता.

पुतणीच्या घरमालकीणबाई सत्तरीच्या. दारातच बूट काढायला लावून त्या पाहुण्याला ‘श्लेपेतेस’ म्हणजे सपाता देतात, त्यामुळे पहिल्याच दिवशी मला माहेरी आल्यासारखं वाटलं होतं. पाचव्या दिवशी मी त्याच सपाता काढून एक बूट पूर्ण आणि एक अर्धा चढवला आणि वहीतलं ज्ञान पाजळत म्हणालो, ‘एइनु.’ जातो, पायी.

बाईंनी माझ्या पेंढीकडे पाहिलं. ‘कोया,’ त्या म्हणाल्या, आणि मान हलवली. मग हवेत गाडीचं चाक फिरवल्यासारखे हात करून हुकूम सोडला: ‘वाझ्युओकिते!’

आता पंचाईत अशी, की पुतळ्याकडे मला लाइस्वेस आलेयावरून जायचं होतं, आणि दीडएक किलोमीटरचा तो रस्ता केवळ पायी चालणाऱ्यांसाठी आहे. हे त्यांना कसं सांगायचं याचे शब्द वहीच्या पुढच्या पानावर असावेत. मी सपाता पुन्हा पायांत घातल्या.