आधी डाग दाखवा

सकाळी साडेसहाला एका गृहस्थांच्या न्हाणीघरातून ‘लागा चुनरी में दाग’ ऐकू येऊ लागलं की खालच्या मजल्यावरचे लोक गॅसवर चहा चढवतात. (लेखकाचा या गृहस्थांशी संबंध इतका जवळचा आहे, की दोघांचे शर्टसुद्धा एकच आहेत. पण विषय अध्यात्माचा असल्यामुळे ‘मी’पणा टाळलेला बरा.)

गाणं १९६३ सालच्या ‘दिल ही तो है’मधलं. शब्द साहिर लुधियानवींचे, संगीत रोशन यांचं, आवाज मन्ना डेंचा आणि राग भैरवी. कॉलेजच्या दिवसांत गृहस्थांचा जीव जडला होता तो फक्त शेवटच्या तराण्यावर. गल्लीतल्या गणपतीपुढे ऑर्केस्ट्रा यायचा. गायक कानावर हात ठेवून तराण्यात शिरला, की मागच्या रांगेतून शिट्ट्या सुरू व्हायच्या. तोवरची कडवी म्हणजे पंगतीत वरणभाताआधी वाढलेलं मीठ.

शब्द ऐकू यायला चाळिशी उजाडावी लागली. चाळिशी लागली की जवळचं दिसेनासं होतं आणि लांबचं तेवढं दिसत राहतं. गृहस्थांना एकदम परलोकच दिसू लागला. चुनरी म्हणजे आत्मा, मळ म्हणजे माया, हे जग सासर आणि पलीकडचं ते माहेर! या शोधाने ते आठवडाभर कोणाशी धड बोलले नाहीत. मग कोणीतरी लक्षात आणून दिलं, की हा अर्थ साहिरनी शेवटच्या कडव्यात स्वच्छ लिहूनच ठेवला आहे. फक्त त्या वेळी सगळे तराण्याची वाट पाहत असतात. शिवाय साहिर पडले उघड नास्तिक. देव न मानणाऱ्या माणसाने भाविकांची इतकी चोख सोय करून ठेवावी, याचं गृहस्थांना अजून नवल वाटतं.

पडद्यावर तर आणखी मौज आहे. डाग लपवू कसा, घरी जाऊ कशी, असा आर्त प्रश्न विचारतो आहे राज कपूर, आणि तो स्वतःच खोटी दाढी लावून लपला आहे. हे गाणं डोळे मिटून ऐकावं, असं गृहस्थ म्हणतात ते काही समाधीसाठी नव्हे.

सिनेमाच्या गाण्यात कसला आलाय परमार्थ, असं कोणी म्हटलं की ते थेट नाथांना साक्षीला बोलावतात. ज्या मुलखात एकनाथांनी विंचवाच्या नांगीत काम-क्रोध दाखवले, तिथे एका ओढणीचं काय घेऊन बसलात? वस्त्राची उपमा तर गदिमांनाही सोडवली नाही. ‘जगाच्या पाठीवर’मध्ये, १९६० साली, त्यांनी माणसाचं आयुष्य विणायला घेतलं आणि सुखाला एक, दुःखाला शंभर असा धाग्यांचा हिशोब मांडला. या सगळ्यांचा मूळ पुरुष कबीर. तो तर जातिवंत विणकरच. त्याच्या नावावरच्या भजनातली चादर इतर सगळ्यांनी मळवली. त्याने मात्र ती जपून पांघरली आणि जशीच्या तशी परत केली. गृहस्थांना कबीराबद्दल अपार आदर आहे, पण हे काही त्यांच्या गळी उतरत नाही. वाचनालयातून आणलेलं पुस्तक पान न उलटता परत करणारे लोक असतात, तसं त्यांना ते वाटतं. त्यापेक्षा डाग पाडून दारात घुटमळणारी साहिरची सासुरवाशीण त्यांना आपल्या घरातली वाटते.

राहता राहिला तराणा. त्याचाही बंदोबस्त झाला. तराण्यातले बोल निरर्थक नसून त्यांची मुळं फार्सी-अरबी शब्दांत आहेत आणि त्यांना सूफी अर्थ आहे, असं उस्ताद अमीर खाँ मानत, हे कुठेतरी वाचनात आलं. झालं! आता साबण डोळ्यांत गेला तरी गृहस्थ ‘तोम तनन’ सोडत नाहीत.

पण त्यांचा स्वतःचा डाग कोणता, हे त्यांनी कोणालाच सांगितलेलं नाही. ते गाणं ज्या रात्री त्यांनी पहिल्यांदा ऐकलं, त्या रात्री वडील दवाखान्यात होते आणि सोबतीला थांबायची पाळी गृहस्थांची होती. वडील त्या दुखण्यातून बरे झाले. त्यांनी कधी विचारलं नाही, आणि यांनी कधी सांगितलं नाही.

परवा नव्या पांढऱ्या शर्टावर आमटी सांडली. गृहस्थांनी घाईघाईने साबण चोळला, तर पिवळा डाग लालभडक झाला. ते चरकले. “अगं, पाहिलंस? पश्चात्तापाचा पहिला हात लागला की पाप आणखीच उठून दिसतं!”

“अहो, आधी डाग दाखवा,” बायको म्हणाली. तिने शर्ट हातात घेतला, उजेडात धरला. “हळद आहे ही. साबण लागला की लाल होणारच. पाण्यातून काढा आणि उन्हात टाका. आणि आमटी भुरकताना मान जरा ताटावर आणत जा.”

“मग हा जाईल?”

“एका दिवसात नाही जायचा. रोज ऊन लागलं तर जाईल.”

गॅलरीत दोरीवर शर्ट लटकला. गृहस्थ पेपर घेऊन समोर बसले. ऊन सरकलं तसा शर्ट सावलीत आला. त्यांनी उठून चिमटे काढले, शर्ट पुढे सरकवला आणि डागाची बाजू उन्हाकडे केली. अकरा वाजेपर्यंत असं तीनदा झालं. पेपर पहिल्याच पानावर होता, आणि आश्चर्य म्हणजे कोणी गात नव्हतं.