ठिपक्याचे शास्त्र

लष्करी विमान ओळखणे, त्याचा क्रमांक टिपणे आणि जमल्यास छायाचित्र काढणे, या छंदाला तीन गोष्टी लागतात: आकाश, सवड आणि विमान. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालीत आकाश वर्षातले आठ महिने मिळते, सवडीची टंचाई कोकणात कधी ऐकिवात नाही, आणि विमान कुणाला विचारून येत नाही.

छंदाला जोर चढला तो दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटनमध्ये. येणारे विमान आपले की जर्मन, हे जमिनीवरून ओळखणारे स्वयंसेवक तिथे होते आणि १९४१ साली ‘एरोप्लेन स्पॉटर’ नावाचे खास नियतकालिकही निघाले. तिथे चूक झाली तर बॉम्ब पडे. पालीत चूक झाली तर नुसता वाद होतो. मात्र तो रात्रीच्या जेवणापर्यंत पुरतो.

पाली मुंबई-गोवा महामार्गावर आहे आणि कोल्हापूरचा रस्ता इथेच फुटतो. त्यामुळे पहिली कसोटी कानाची. आंबा घाटाकडे निघालेला भरलेला ट्रक चढणीला लागला, की हेलिकॉप्टर आल्याचा भास होऊन माणूस अंगणात धावतो. ट्रक आणि हेलिकॉप्टर यांतला खात्रीचा फरक एकच: हेलिकॉप्टर हॉर्न वाजवत नाही.

दुसरी कसोटी डोळ्याची. रत्नागिरी विमानतळावर तटरक्षक दलाचे हवाई स्थानक आहे. या दलाच्या विमानांचा क्रमांक ‘सीजी’ अक्षरांनी सुरू होतो. राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव लावणारे दलाचे ‘चेतक’ हे एका इंजिनाचे, सात जणांचे हेलिकॉप्टर १९६५ पासून भारतात बांधले गेले. दलाच्याच ‘डॉर्नियर’ विमानाला दोन पंखे असून त्याचे पंख धडाच्या वरच्या बाजूला बसवलेले असतात. याशिवाय दक्षिणेला गोव्यात ‘हंसा’ तळावर नौदलाची ‘मिग-२९ के’ आणि घाटावर पुण्याच्या लोहगावात हवाई दलाची ‘सुखोई-३०’ आहेत. त्यांतले एखादे वरून गेलेच, तर ‘गेलं, गेलं!’ एवढेच हाती लागते.

यामागे भौतिकशास्त्र आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. तीन किलोमीटर उंचीवरच्या विमानाचा आवाज खाली यायला जवळजवळ नऊ सेकंद लागतात. तेवढ्यात सेकंदाला अडीचशे मीटर वेगाचे विमान सव्वादोन किलोमीटर पुढे सरकलेले असते. म्हणून आवाज येतो तिथे विमान नसते. नवखा माणूस आवाजाकडे बघतो, मुरलेला आवाजाच्या पुढे बघतो, आणि दोघांनाही हापूसचे कलम दिसते.

कलमांवर उपाय म्हणजे सडा. जांभ्या दगडाच्या या उघड्या पठारावर चारी दिशा मोकळ्या मिळतात, सावली मात्र मिळत नाही. जिल्ह्यातल्या अशाच सड्यांवर प्राचीन माणसाने हत्ती, मासे आणि पक्षी कोरून ठेवले आहेत. त्यांतल्या उक्षी गावच्या हत्तीचे छायाचित्र हमखास चांगले येते, कारण तो उडत नाही.

छायाचित्रणाचा नियम उलटा आहे. जेट विमानाला शटरचा वेग एक हजारांश सेकंद किंवा त्याहून जलद ठेवतात. हेलिकॉप्टरला तोच ठेवला तर फिरती पाती गोठतात आणि यंत्र आकाशात पार्क केल्यासारखे दिसते. पाती फिरताना दिसावीत म्हणून वेग एकशेपंचविसांशपर्यंत खाली आणावा लागतो; मग पात्यांबरोबर हेलिकॉप्टर, सडा आणि क्षितिजही फिरलेले येते.

शेवटी कायदा. ‘शासकीय गुपिते अधिनियम, १९२३’ प्रतिबंधित जागांच्या छायाचित्रांबाबत कडक आहे. तळाच्या कुंपणाशी कॅमेरा घेऊन उभे राहणे हा छंद नव्हे, आपत्ती आहे. नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रीसच्या कालामाता तळावर १२ ब्रिटिश आणि २ डच शौकिनांना हेरगिरीच्या संशयावरून पकडले गेले. एप्रिल २००२ मध्ये शिक्षा झाली, नोव्हेंबरमध्ये अपिलात सुटका. वहीत विमानांचे क्रमांक लिहून घेण्यात मनाला आनंद मिळतो, हे न्यायालयाला पटवायला वर्ष लागले.

ज्याला विमान जवळून आणि निर्धास्त पाहायचे आहे, त्याने गोव्यात बोगमाळोच्या नौदल वायुयान संग्रहालयात जावे. तिथे ‘सी हॉक’ आणि ‘अलिझे’ ही विमाने जागच्या जागी उभी आहेत. पालीत काढलेल्या छायाचित्रात बहुधा निळे आकाश, आंब्याची एक फांदी आणि मध्ये काळा ठिपका असतो. तो मिग आहे, डॉर्नियर आहे की घार, हे काढणाऱ्यालाही सांगता येत नाही. देशाचे एकही गुपित त्यातून फुटत नाही.