पांढरी पाच

"नमस्कार, विद्यार्थी मित्रांनो..."

एवढंच म्हणाले होते मी. 'मित्रांनो'तला 'नो' पुरता बाहेर पडायच्या आत स्पीकरमधून असा काही कुईंऽऽऽ आवाज निघाला की खिडकीतली कबुतरं उडाली आणि आतल्या खोलीत वामकुक्षी घेणारे आमचे हे ताडकन उठून बसले.

"कोण आलंय?" त्यांनी विचारलं.

मिरजेत 33 वर्षं मी मराठी शिकवलं, पण माईक कधी हातात धरला नाही. लागलाच नाही. निवृत्त झाल्यावर दृष्टिहीन मुलांसाठी धडे वाचून द्यायचं काम आपणहून अंगावर घेतलं. घरी बसून वाचायचं, रेकॉर्ड करायचं आणि पाठवून द्यायचं. आमच्या ह्यांच्या भाच्यानं त्याचा जुना लॅपटॉप, दोन स्पीकर आणि एक माईक आणून जोडून दिला, ऑडॅसिटी नावाचं फुकटातलं सॉफ्टवेअर घातलं, "सोप्पंय मामी" म्हणाला आणि पुण्याची गाडी पकडून गेला.

कबुतरं उडाल्यावर मी त्याला फोन लावला.

"मामी, फीडबॅक येतोय तुम्हाला."

"अरे, अजून कुणाला पाठवलंच नाही, तर फीडबॅक येईल कुठून?"

बी.एड.ला आम्ही याला 'प्रत्याभरण' म्हणायचो आणि त्यावर हमखास टीप यायची. शिक्षक शिकवतो, विद्यार्थी प्रतिसाद देतो, शिक्षक सुधारतो. त्यात कुईं नव्हतं. भाच्यानं सांगितलं ते असं : तुम्ही बोलता ते माईक ऐकतो, लॅपटॉप ते वाढवून स्पीकरला देतो, स्पीकर बोलतो तेही माईक ऐकतो, ते पुन्हा वाढतं, पुन्हा स्पीकरला जातं. सेकंदात असे कितीतरी फेरे होतात, आणि त्या खोलीला अन् त्या यंत्रांना जो एक सूर सर्वांत जास्त मानवतो, तो बाकीच्यांना मागे टाकून शिट्टी होऊन बसतो.

हे मला लगेच पटलं, कारण आमच्या अपार्टमेंटमध्ये हा प्रयोग वर्षातून चारदा होतो. गेल्या उन्हाळ्यात मी जिन्यात सहज म्हणाले, "यंदा कुरडया घालायच्या नाहीत, कंबर धरते." पहिल्या मजल्यावर त्याचं झालं, बाईंना आता काही होत नाही. दुसऱ्यावर, त्या लेकीकडे कायमच्या चालल्या. तिसऱ्यावर, फ्लॅट विकायचाय. संध्याकाळी दूधवाल्यानं मलाच विचारलं, "बाई, किंमत काय लावलीय?" प्रत्येकीनं थोडीच भर घातली होती. त्या साखळीत भर न घालता, उलट थोडं गाळून पुढे सांगणारी एकच बाई असती, तर कुरडया जिन्यातच विरल्या असत्या. माईकच्या फेऱ्याचंही तसंच. एका फेऱ्यात आवाज वाढण्याऐवजी घटला की शिट्टी मरते. या प्रकाराला लार्सन परिणाम म्हणतात, सोरेन लार्सन या डॅनिश भौतिकशास्त्रज्ञावरून. (एल अँड टीमधले लार्सन हे नव्हेत. तेही डेन्मार्कचेच, पण त्यांचं नाव हेनिंग; सोरेन होते ते टुब्रो. आमच्या ह्यांनी ही माहिती सांगायला वीस मिनिटं घेतली, मी चार ओळींत उरकतेय.)

भाच्यानं फोनवरून मला सेटिंग्जच्या तळघरात उतरवलं. तिथं 'मायक्रोफोन बूस्ट' तीस डेसिबलवर होता. तीस डेसिबल म्हणजे ताकद हजारपट! माझ्या आवाजाची! शेजारचा वर्ग ज्या आवाजाला भिंतीपलीकडून घाबरायचा, त्याला हजारपट बूस्ट! तो शून्यावर आणला. शिट्टी जरा ओशाळली, पण गेली नाही. मग स्पीकरवर उशी ठेवली. उशीवर गोधडी. गोधडीतून कुईं यायला लागलं, ते ऐकून तर मांजराचं पिल्लू कोंडल्याची तक्रार आली.

शेवटी गणपती मंडळाचा साउंडवाला पोरगा बोलावला. दारात त्याला पाहिलं आणि ओळखलं. सातवीत मागच्या बाकावर बसायचा आणि अखंड बोलायचा. मी त्याला दर दोन दिवसांनी भिंतीकडे तोंड करून उभा करायची.

त्यानं गोधडी उचलली, उशी उचलली, एकवार माझ्याकडे बघितलं आणि अदबीनं म्हणाला, "बाई, स्पीकरचं तोंड भिंतीकडं करा."

मी निमूट केलं.

"माईकनं स्पीकरचं तोंड बघायचं नाही. ह्या माईकला फुडचं ऐकू येतंय, मागचं फारसं नाही. म्हणून स्पीकर नेहमी त्याच्या पाठीमागं." फळ्याकडे तोंड असताना मागच्या बाकावरची कुजबुज मला अचूक ऐकू यायची, हे त्यालाही आठवलं असणार. तो घाईघाईनं पुढे म्हणाला, "पण बाई, रेकॉर्डिंगला स्पीकर लागतोय कशाला? बंदच करा की. ऐकायचंच असंल तर हेडफोन घाला."

इतकं सोपं उत्तर असेल असं ना मला वाटलं, ना पुण्याला. मग त्यानं आणखी आत जाऊन मूळ शोधलं. 'लिसन टू धिस डिव्हाइस' अशी एक चौकट होती आणि तिच्यात बरोबरची खूण होती. ती असली की माईकमधलं सगळं त्याच क्षणी स्पीकरवर वाजतं.

"ही खूण कुणी केली?"

"मी," हे म्हणाले. "ऐका असं लिहिलं होतं. ऐकायला नको?"

खूण काढली. शिट्टी गेली. त्या शांततेत एक नवाच आवाज ऐकू आला. हुंऽऽऽ. बारीक, अखंड, पाठ सोडायला तयार नसलेला.

आता आमच्या ह्यांचा प्रांत सुरू झाला. ते चाळीस वर्षं भजनाला पेटी वाजवतात, आणि तंबोऱ्यांच्या गावात राहून कान तयार झाल्याचा त्यांचा दावा आहे. त्यांनी पेटी काढली, एकेक सूर धरून पाहिला आणि जाहीर केलं, "पांढरी पाच. खर्जात. किंचित चढी."

साउंडवाल्यानं चार्जरची पिन काढली. हुं बंद. घातली, हुं सुरू. "लाइटीचा आवाज आहे हा. अर्थिंग नीट नाही. बॅटरीवर रेकॉर्ड करा." आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनं घेते, पांढरी पाच खर्जात 49ला. म्हणजे ह्यांचा कान खरा निघाला. तेव्हापासून घरात राहणं कठीण झालंय. त्याच रात्री न्यू जर्सीला लेकीला फोन गेला, तिकडे वीज 60 आवर्तनांची असल्याची खात्री करून घेतली गेली आणि पुन्हा पेटी निघाली. काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मध्ये. "अमेरिकेची वीज बेसूर आहे," हे म्हणाले आणि शांत झोपले.

दुसऱ्या दिवशी पंखा बंद, फ्रिज बंद, स्पीकर भिंतीकडे, लॅपटॉप बॅटरीवर. घाम पुसत मी अख्खा धडा एका दमात वाचला. मध्ये एकदा दार किलकिलं झालं होतं, पण मी मान वर केली नाही. तसाच पाठवून दिला.

आठवड्यानं एका मुलाचा निरोप आला. आवाजीच, मोबाइलवर. "बाई, धडा चांगला समजला. पण मध्येच एक आजोबा 'गेली गं पांढरी पाच!' असं म्हणतात. ती कोण? आणि कुठं गेली?"